एका नंबरावर सगळं घर

मंदार माझा धाकटा भाऊ. उज्जैनला टावर चौकाच्या मागे कॉम्प्युटरची कामं करतो आणि स्वतःला फार शहाणा समजतो. नानाखेड्याच्या एका खासगी दवाखान्याला पेशंटची माहिती साठवायची सिस्टिम त्यानेच करून दिली.

"ताई, एकदम सिंपल आहे," तो मला म्हणाला होता. "प्रत्येक माहितीला एक किल्ली. किल्ली दिली की माहिती झटक्यात समोर. आत काय आहे, कोणाचं आहे, डेटाबेस बघतच नाही."

"आणि त्याच किल्लीवर दुसरं काही ठेवलं तर?"

"पहिलं जातं, दुसरं बसतं."

किल्ली म्हणून त्याने पेशंटचा मोबाइल नंबर घेतला.

परवा त्याच दवाखान्यात आमच्या वडिलांचं, बापूंचं, हर्नियाचं ऑपरेशन होतं. पेनिसिलीनने त्यांचा गळा सुजतो, श्वास अडकतो. ते आम्ही दोन महिन्यांपूर्वीच इथे लिहवून घेतलं होतं. बापूंना आत नेलं आणि मंदारने काउंटरवर सहज स्क्रीन पाहिली. ॲलर्जी: नाही.

तो गर्रकन माझ्याकडे वळला. "ताई, मागच्या महिन्यात आईला इथे दाखवलंस, तेव्हा नंबर कोणाचा दिलास?"

"तुझाच! आपल्या घरात सगळीकडे तुझाच नंबर देतात की."

आईला कसलीच ॲलर्जी नाही. तिचं 'नाही' बापूंच्या माहितीवर जाऊन बसलं होतं.

मंदार धावत सुटला. "भैया, सुई मत लगाना!" ओरडत त्याने ऑपरेशन थिएटरचं दार बडवलं. मी त्याच्या मागे धावले. नर्स बाहेर आली. पेनिसिलीनचं इंजेक्शन भरून तयार होतं, दिलं नव्हतं.

मी आधी रडले, मग मंदारला चांगलं झापलं. पण त्याचं लक्षच नव्हतं. "ताई, उज्जैनमध्ये कोणतं घर प्रत्येकाचा वेगळा नंबर देतं गं?"

पुसलेलं परत मिळत नाही. दवाखान्याने त्याच दिवशी सिस्टिम बंद केली आणि मंदार एकेका नंबरावर फोन लावायला बसला. नंबर मी लावून देत होते, स्पीकर चालू ठेवून. घरात आणखी कोणी दाखवलं होतं का, एवढंच विचारायचं. लोक वैतागत होते, फोन ठेवत होते.

मग एक बाई म्हणाली, "हाँ भैया, ससुरजी को दिखाया था. वहीं ऑपरेशन हुआ. आज उनकी तेरहवीं है."

मला वाटलं, मंद्या आता फोन ठेवेल. त्याने विचारलंच, "उनको किसी दवाई से एलर्जी थी?"

"थी ना. आप ही के यहाँ लिखवाई थी."