इनुतेकचा आडोसा

इनुतेकला जीव लावून काम करायची खोड, तीच नडली. ग्रीनलंडच्या आमच्या टोकाला, गावामागच्या टेकडीवर, संशोधकांनी एक अँटेना बसवली होती. उपग्रहांचे संदेश वरून येताना कसे थरथरतात ते ती टिपायची. त्यावरून म्हणे आभाळातले विजेचे थर कळायचे. राखणीला इनुतेक. शिकार सोडून हा गडी अकरा वर्षं रोज टेकडी चढला. समुद्रपक्ष्याच्या पंखाने अँटेनेवरचा बर्फ झाडायचा. एक खाडा नाही.

"बायकोपेक्षा त्या खांबाला जास्त जपतोस मेल्या," त्याची बायको बिबियाने म्हणायची.

"खांब उलटून बोलत नाही गं!"

या वसंतात हेले आली, त्या संशोधकांपैकी एक बाई. अँटेनेचं हे केंद्र ठेवायचं की मोडायचं, ते तिच्या अहवालावर होतं. टेकडीवर पोचायच्या आधीच तिने विचारलं, "इनुतेकदादा, आकड्यांत रोज तीच थरथर दिसते, आदल्या दिवसापेक्षा चार मिनिटं आधी. आभाळ असं घड्याळ लावून वागत नाही. अँटेनेजवळ काही लोखंडी आहे का?"

"आहे तर! चला, दाखवतो," तो खुशीत म्हणाला.

आमच्याकडे जपायच्या वस्तूला वाऱ्यापासून आडोसा करतात. व्यायलेली कुत्री असो की होडी, तेलाची पिंपं फोडून पत्रा उभा करायचा. अँटेनेलाही त्याने तसाच केला होता.

हेलेने पत्र्यावर हात ठेवला. "अहो, उपग्रह रोज चार मिनिटं आधी त्याच जागी येतात, नि त्यांचे संदेश यावर आपटून पुन्हा अँटेनेत शिरतात. आम्ही आभाळ समजून हा पत्राच मोजत बसलो."

"मग काढतो की! आत्ता काढतो!"

"आता उपयोग नाही. या आकड्यांवर केंद्र टिकत नाही."

"अकरा वर्षांतलं काहीच चालणार नाही?"

"पत्रा कधी लावलात?"

"अँटेना बसली, त्यानंतर नऊ दिवसांनी."

"मग ते नऊ दिवस चालतील," ती हळूच म्हणाली.

अकरा वर्षांत एकाही संशोधकाला इकडे फिरकायला सवड झाली नाही, आणि खापर फुटलं ते याच्या डोक्यावर! अँटेना हेलिकॉप्टरने गेली.  इनुतेक घरी येऊन ढसाढसा रडला.

दुसऱ्या दिवशी हातात पंख, आणि पाय आपोआप टेकडीवर गेले. झाडायला काही नव्हतं. तो पत्र्याआड बसला. बाहेर वारा नुसता पिसाळला होता. सिगारेटसाठी त्याने काडी ओढली. ज्योत जराही थरथरली नाही.