बाबांनी नापसंत केलेली पिस्तुलं

आमचे बाबा घड्याळजी. स्वतःच्या उजव्या डोळ्यावर त्यांचा जेवढा विश्वास, तेवढा ना आईवर होता ना माझ्यावर. त्या डोळ्याला भिंग लावून जन्मभर घड्याळांतल्या चुका शोधल्या, त्यामुळे सगळं जगच कुणीतरी घाईघाईत जोडलंय असं त्यांना वाटे. साधं कपाट घ्यायचं तरी बिजागऱ्या तपासून तपासून दुकानदाराच्या नाकी नऊ आणत.

मी नेमबाजी शिकायला लागले, तेव्हा माझं पहिलं पिस्तूल निवडायला तेच येणार हे उघड होतं. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की नवशिक्यानं फार डोकं चालवू नये. छऱ्यांचं, हवेवर चालणारं, मूठ हातात नीट बसेल असं घ्यावं. बाबांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

दुकानदारानं पहिलं पिस्तूल रिकामं असल्याचं दाखवून माझ्या हातात दिलं. छान बसलं. बाबांनी ते काढून घेतलं, भिंतीवरच्या निशाणाकडे हात लांब केला, डावा डोळा मिटला आणि नाक मुरडलं. नळीच्या टोकाला नेम धरण्यासाठी एक उभी खुंटी असते, ती वाकलीय म्हणाले. दुसऱ्याचीही वाकडी निघाली. तिसरं तर त्यांनी जवळजवळ आपटलंच, आणि पडीक माल गळ्यात मारतोस का, असं दुकानदाराला सुनावलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मात्र शांत होता. त्यानं स्टीलची पट्टी काढली आणि खुंटीला लावून दाखवली. कुठेही फट नव्हती.

"तुमची पट्टीच वाकडी," बाबा म्हणाले.

मी पट्टी हातात घेतली. ती सरळ होती.

"बाबा, आता उजवा डोळा मिटा. डाव्यानं बघा."

कुरकुरत त्यांनी मिटला आणि पिस्तूल पुन्हा उचललं. मग डोळा बदलला. परत बदलला. शेवटी पिस्तूल अगदी हळू काचेवर ठेवून म्हणाले, चांगलं आहे, हेच बांधून द्या.

बाहेर आल्यावर मला रडू आवरेना. डॉक्टरकडे जाऊ, हल्ली सगळ्यावर इलाज असतो, असं काहीबाही मी बडबडत होते. डोळा गेला तर दुकान गेलं, एवढंच माझ्या मनात होतं. बाबांचं लक्षच नव्हतं. ते फुटपाथच्या मधोमध उभे राहिले होते, लोक त्यांना वळसा घालून जात होते.

"गेले कित्येक महिने नुसते वाकडे काटे येतायत दुकानात," ते म्हणाले. "मी घड्याळं बनवणाऱ्यांना शिव्या घालत होतो. सगळे चिमट्यानं सरळ करून दिले गं मी."