सरांचं सोंग

"मला काय म्हाईत? तूच सांग." एवढं म्हणून सर चष्मा कपाळावर सारायचे आणि प्रश्न विचारणाऱ्याचीच उलटतपासणी सुरू करायचे. आमच्या कॉलेजात ते तत्त्वज्ञान शिकवायचे, मी ग्रंथपाल. असा मास्तर तुम्हीही पाहिला असेल. त्याला सगळं येत असतं, पण अडाण्याचं सोंग घेऊन तो पोरांकडूनच उत्तर वदवून घेतो.

सर पाचोडकडचे, मेंढपाळाच्या घरातले. एकदा प्राचार्यांनी विचारलं, "अभ्यासक्रम वेळेत संपेल ना?" सर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मला काय म्हाईत? मेंढरं काय कॅलेंडर पाहून चरत्यात व्हय?" हसावं की रागवावं, प्राचार्यांना कळेना.

निवृत्तीला दोन महिने उरले असताना सरांनी विद्यार्थ्यांसाठी तत्त्वज्ञानाची प्रश्नमंजुषा ठेवली. विषय होता उपरोध. चार कॉलेजांचे संघ आले. प्रश्न सर विचारणार, फळ्यावर गुण मी मांडणार.

"उपरोध आणि खोटं बोलणं, यात फरक काय?" सरांनी पहिला प्रश्न टाकला.

फुलंब्रीहून आलेली एक मुलगी उठली. "खोटं बोलणाऱ्याला वाटतं आपण सापडू नये. उपरोधानं बोलणाऱ्याला वाटतं, कुणीतरी आपल्याला पकडावं."

मी दहा गुण मांडले. सरांनी दुसरं कार्ड उचललं आणि तोच प्रश्न विचारला. पुढच्या संघाला वाटलं, ही सरांची खोडी. त्यांनी वेगळं उत्तर दिलं. तिसऱ्या कार्डावरही तोच प्रश्न निघाला.

मुलगी पुन्हा उठली. "सर, आमचं बरोबर होतं का नाय?"

"मला काय म्हाईत?"

सगळे खदखदून हसले. मीही हसलो. चष्मा मात्र त्यांनी जागचा हलवला नव्हता.

ते माझ्याकडे वळले. बावीस वर्षं आम्ही दुपारचा डबा एकत्र खाल्ला होता. "तुम्ही कोण?" त्यांनी हळूच विचारलं. माईक चालू होता. टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्या टाळ्यांत मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. तिथं मला ओळखणारं कुणी नव्हतं. तरी मी खडू खाली ठेवला नाही. सरांचं हे नेहमीचंच, असं स्वतःला समजावलं आणि फळ्याकडे वळलो. उरलेला अर्धा तास सर तो एकच प्रश्न विचारत राहिले, पोरं दरवेळी नवं उत्तर देत राहिली. अशी रंगलेली स्पर्धा कधी पाहिली नाही, असं जाताना सगळे म्हणाले.

आठवड्यानं सरांच्या घरी गेलो. वहिनींनी दार उघडलं. "वळखतील असं नाय, भाऊ. दिवाळीपासनं चाललंय. कॉलेजात कुणाला कळू देऊ नको म्हनायचे."

सर अंगणात खुर्चीवर बसले होते. मी शेजारी बसलो. ते बोलू लागले.

"परवा एक म्हातारा पाह्यला. स्टेजवर हुबा केला व्हता. त्याला खरंच काय येत नव्हतं हो. पोरं हसत व्हती. पोरांचं जाऊ द्या. शेजारी एक माणूस खडू घेऊन हुबा व्हता. त्यानं तरी त्याला घरी न्यायचं." ते माझ्याकडे निरखून पाहू लागले. "तुम्ही व्हता का तिथं?"

"नाही," मी म्हणालो.