आयरिश पब, संत पॅट्रिक आणि मी

शिकत असताना मी ब्लॅकटाउनच्या एका आयरिश पबमध्ये भांडी घासायचो. तेव्हा आमच्यासारखी पोरं विमानं भरभरून येत होती आणि सिडनीतलं प्रत्येक सिंक एकेका भावी इंजिनिअरच्या ताब्यात होतं. अशा ठिकाणी किस्से खरकट्या ताटांसारखे साचत जातात. माझ्या बहुतेक किश्श्यांत येडा मीच.

* * *

पबची मालकीण मोइरा, साठीची, आयर्लंडहून आलेली. इंटरव्ह्यूला तिने विचारलं, "पॅट्रिक कोण, माहितीये?"

मला वाटलं, मॅनेजर असणार. ठोकून दिलं, "हो, कालच फोनवर बोललो."

"आमचे थोर संत ते. जाऊन दीड हजार वर्षं झाली. काय म्हणाले?"

आता माघार कशी घेणार? म्हटलं, "सोमवारपासून ये म्हणाले."

सोमवारपासून लागलो.

* * *

सतरा मार्चला पॅट्रिकचा सण. सगळ्यांनी हिरवं घालायचं. मी मावसभावाच्या लग्नातला सिल्कचा कुर्ता घातला. सिंकमधल्या गरम पाण्याने त्याचा रंग सुटला आणि हात कोपरापर्यंत हिरवे झाले.

दुसऱ्या दिवशी युनिव्हर्सिटीत ट्यूटर म्हणाला, "जोरदार पार्टी झाली वाटतं, मेट?"

"हो ना," मी म्हणालो. भांडी घासत होतो हे सांगवेना.

* * *

पॅट्रिकने आयर्लंडमधले सगळे साप हाकलले, अशी दंतकथा आहे. मोइराने ती सांगितल्यावर मी फुशारकी मारली, "आम्ही सापाला हाकलत नाही, पूजतो."

त्याच आठवड्यात बिअरच्या पिंपांमागे काहीतरी सळसळलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"जा, पूज," मोइरा म्हणाली.

तोवर मी फ्रीझरवर चढलो होतो. निघाला निळ्या जिभेचा सरडा. मोइराने त्याला झाडूने बाहेर काढलं, मग मला खाली उतरवलं.

* * *

पुढच्या वर्षी सणाच्या दिवशी एक झिंगलेला माणूस मला म्हणाला, "आज आयरिश लोकांचा दिवस आहे. तू आपल्या घरी जा."

माझं इंग्रजी जागच्या जागी गोठलं. मी चक्क सॉरी म्हणालो.

मोइरा काउंटरमागून आली. "पॅट्रिकही आयरिश नव्हता. समुद्रापलीकडून पळवून आणलेलं पोर. आमच्या मेंढ्या राखायचा. त्यालाही घरी पाठवू म्हणतोस? मग सण कसला, आणि तुझी बिअर तरी कसली?"

तिने त्याच्या पुढ्यातला ग्लास उचलला आणि घासायला माझ्या हातात दिला.

* * *

दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलिंग कार्ड वापरून पुण्याला फोन लावला. कोर्स संपल्यावर इथेच राहायचं ठरवलंय, हे आईला सांगायचं होतं. ते तोंडातून निघेना, म्हणून पॅट्रिकची गोष्ट सांगत बसलो. कोवळ्या वयात त्याला पळवून नेलं. परक्या मुलखात मेंढ्या राखल्या. कसाबसा निसटून आईवडिलांकडे पोचला.

"बरं झालं बाई," आई म्हणाली.

"मग मोठा झाल्यावर आपणहून तिकडेच परत गेला. कायमचा."



आईनं विचारलं, "त्याच्या आईनं जाऊ दिलं?"