संघ सोडलेले फादर

ईट गावच्या चर्चमध्ये स्वयंपाक करणाऱ्या कमलबाईंचा फोन आला. रडण्याआधी त्यांनी विचारले, “गुरुजी, फादर गेले. आता कळवू कुणाला? संघाला का बिशपला?”

फादर प्रभाकर मूळचे एका व्रतस्थ संघाचे. ढोकीजवळच्या वाडीतल्या त्यांच्या शाळेत मी मराठी शिकवायचो. संघाच्या धर्मगुरूच्या नावावर काही नसते. वरिष्ठ पाठवतील तिथे तो जातो, म्हातारपणी संघच त्याला सांभाळतो आणि आपल्या माणसांच्या रांगेत पुरतो. बिशपांच्या हाताखालचा धर्मगुरू मात्र एकाच धर्मप्रांतात आयुष्य काढतो. फादर हा फरक हसत सांगायचे, “आम्ही सासुरवाशिणी, गुरुजी. ते घरजावई.”

संघाने वाडीचे काम बिशपांकडे सोपवले आणि फादरांना परत बोलावले. उतारवयात त्यांनी पहिल्यांदाच हट्ट धरला, मरेन तर वाडीतच. त्यासाठी संघ सोडून ते बिशपांचे झाले. परवानग्या मिळण्यात वर्षे गेली. जुन्या सोबत्यांनी बोलणे टाकले. एकाने तर तोंडावर सुनावले, “जागेवर जीव जडला की व्रत सुटतंच.”

पुढच्याच जूनमध्ये बिशपांनी त्यांची बदली ईटला केली. फादर त्यांना भेटायला गेले तेव्हा मी सोबत होतो. बिशप उद्धट नव्हते. त्यांनी आधी चहा मागवला, मग म्हणाले, “फादर, धर्मप्रांत म्हणजे एक वाडी नव्हे. आज्ञापालनाचं वचन तुम्ही मलाही दिलंय.”

“दिलंय,” फादर म्हणाले आणि चहा संपवला.

फादर वारल्यावर संघाने कळवले की ते आता आमचे नाहीत. बिशपांच्या सोयीने त्यांना ईटलाच पुरले. ऊसतोड ऐन भरात होती; वाडीतून कुणी आले नाही.

दफनानंतर कमलबाईंनी त्यांची खोली उघडून दिली. समोरासमोरच्या भिंतींना टेकवून दोन खुर्च्या ठेवल्या होत्या. संघाच्या घरात सगळे सोबती सायंप्रार्थना दोन बाजूंना बसून म्हणतात, एक ओळ या बाजूची, पुढची त्या बाजूची. इथे तर फादर एकटेच होते...

“एक ओळ म्हनायचे अन् गप बसायचे,” कमलबाई म्हणाल्या. “लई येळ. मग तिच्या पुढली सोडून तिसरी. म्या म्हनलं, मधली मला शिकवा, म्या म्हनते. तर म्हनले, ऱ्हाऊ द्या बाई, ती त्यांची हाय.”