बॅटरीजवळचे टिळे

निघताना सचिननं गाडीची किल्ली मनीषाच्या हातात दिली आणि बोलला मात्र माझ्याशी. "आई, सोनईला जाऊन नीट परत आली तर ठीक. वाटेत एकदा जरी बंद पडली, तर सोमवारी भंगारवाल्याला देऊन टाकणार. मग तोंड पाडून बसायचं नाही."

मी म्हटलं, "बरं." दुसरं काय म्हणणार? गाडी यांनी घेतलेली. हे जाऊन दोन दिवाळ्या झाल्या. दारात उभी असते, जागा अडवते, हे मलाही दिसतं. पण दर भाऊबीजेला याच गाडीतून मी माहेरी सोनईला गेलेली. दादा अजून रस्त्यावर येऊन हिचा हॉर्न ऐकायला उभा राहतो. तेव्हा म्हटलं, यंदाही हिच्यातूनच जायचं.

मनीषा माझी सून. गाडी छान चालवते, बोलते कमी. मी दोघींपुरतं बोलते, त्यामुळे आमचं जमतं.

पुणं मागं पडलं तशी हवेत गारवा आला. शिरूर ओलांडलं, घोड नदीचं पाणी दिसलं, आणि मी सांगत बसले की पूर्वी इथं हे गाडी थांबवून रेडिएटरमध्ये पाणी घालायचे, मी पेरू घ्यायची. मनीषा म्हणाली, "आई, पेरू घ्यायचे का?" घेतले. चव तीच होती, बिया मात्र आता दाताला लागतात.

सुप्याला चहाला थांबलो. एके काळी इथं नुसता माळ. आता कारखान्यांच्या भिंती, कामगारांच्या बसगाड्या, लांब टेकडीवर पवनचक्क्या. टपरीवर भेळभत्ता घेतला (चुरमुरे, फरसाण, वर कांदा आणि तळलेली मिरची). खाऊन गाडीत बसलो. मनीषानं किल्ली फिरवली. टक. एवढाच आवाज, आणि पुढं काही नाही.

मनीषानं माझ्याकडं बघितलं. मी पुढं काचेतून बघत राहिले.

टपरीवाला झारा हातात घेऊनच आला. "मावशी, बॅटरी गेली. नवी टाका."

बाकावरचा एक माणूस म्हणाला, "बॅटरी न्हाई, स्टार्टर गेलाय. आमच्या टेम्पोचं असंच हुतं."

"तुझ्या टेम्पोत डिझेल नव्हतं," टपरीवाला म्हणाला. "लोकांना सांगू नको आता."

"तुझ्या चहात साखर नसती, ते सांगतो का मी कुणाला?"

वाद तसाच सोडून टपरीवरच्या चौघांनी मिळून धक्का दिला. मनीषानं दुसरा गिअर टाकला, गाडी एक उडी मारून चालू झाली. टपरीवाला मागून ओरडला, "आता घरापातुर बंद करू नका, मावशी."

थोडं पुढं गेल्यावर मनीषा म्हणाली, "आई, ही बंद पडली असं धरायचं का?"

"चहाला थांबलो होतो," मी म्हटलं. ती हसली.

नगर आलं. पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहिलंय, माझ्या तोंडात अजून नगरच येतं. हे इथं एका दुकानातून माझ्यासाठी खणाचं कापड घ्यायचे, दर वर्षी एकाच रंगाचं, आणि दर वर्षी विचारायचे, "हा रंग आहे का तुझ्याकडं?" यंदा दुकानासमोरून गेलो, पण गाडी थांबवायची छाती झाली नाही. सिग्नललासुद्धा मनीषा गाडी बंद पडू नये म्हणून ॲक्सिलरेटरवरचा पाय हलता ठेवून बसली होती.

घोडेगावात कांद्याच्या गोण्या भरलेले ट्रक उभे. तिथून सोनईच्या रस्त्याला वळलो की दोन्ही बाजूंना ऊस लागतो. मला वाटलं, आलोच. तेवढ्यात समोरून उसाची ट्रॉली आली, मनीषानं गाडी कडेला घेतली, ब्रेक दाबला आणि गाडी बंद पडली.

किल्ली. टक. पुन्हा किल्ली. टक.

आजूबाजूला धक्का द्यायला कुणी नाही. उसाच्या कडेला एक पत्र्याचं घर, दारात कांदे निवडत बसलेली माझ्याच वयाची एक बाई. ती उठून आली. "काय झालं वो ताई?"

"गाडी रुसली," मी म्हटलं.

"माज्या सुनंसारखी," ती म्हणाली आणि मनीषाकडं बघून म्हणाली, "तुला न्हाई गं, माज्या सुनंला म्हनले."

तिचं नाव हौसाबाई. तिनं बसायला पोतं दिलं, पण माझं बसण्यात मन कुठलं? सोमवार डोळ्यांसमोर येत होता. आणि मग मला हे आठवले, बॉनेटवर हात ठेवून उभे असलेले. म्हणायचे, "गाडी चालू झाली नाही की आधी गप्प बसायचं आणि ऐकायचं. मग दिवे बघायचे."

"मनीषा, दिवे लाव गं."

दिवे लख्ख लागले. हॉर्नही खणखणीत वाजला. "आता किल्ली फिरव." टक झालं आणि दिवे एकदम गेले. सोडल्यावर पुन्हा आले.

यांनी हे मला कितीदा तरी सांगितलेलं, मी हूं हूं करून सोडून द्यायची. दिवे मुळातच मंद असले तर बॅटरीत दम नाही. दिवे चांगले असून किल्लीबरोबर जात असतील, तर बॅटरी आहे, पण तिचं बळ तारेत पोचत नाही. म्हणजे बॅटरीवर जे शिशाचं कडं बसतं, तिथंच काहीतरी अडलंय.

बॉनेट उघडलं. डिकीतल्या पिशवीतून दहाचा पाना काढला. गाडी पूर्ण बंद करून मनीषानं कडं सैल केलं, उचललं, आणि दोघी बघत राहिलो. कड्याच्या आत हळदीकुंकवाचा घट्ट थर. पिवळा, लाल, वर पांढरी बुरशी आल्यासारखं.

"आई, हे काय?"

हे माझंच काम होतं. हे गेल्यापासून कुंकवाचा करंडा मी उघडला नव्हता. पण यंदा खंडेनवमीला वाटलं, गाडीची पूजा राहायला नको. हे करायचे, आता कोण करणार? आणि करायचीच तर वरवर कशाला, बॅटरी म्हणजे गाडीचा जीव. म्हणून पान्यानं कडं काढलं, पाण्यानं पुसलं, ओलं हळदीकुंकू भरपूर लावलं आणि कडं परत बसवलं. मनोभावे केलं होतं.

मनीषा ओठ दाबून हसत होती. हौसाबाई मोकळी हसली. "देवाचंच तोंड बांधलं की वो ताई तुमी."

तिनं चुलीवरचं गरम पाणी आणलं. कडं धुतलं, जुन्या पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केलं. खंडेनवमीला अंधारून आल्यावर मी नुसतं कडं बघितलं होतं; आता पुसता पुसता पहिल्यांदाच बॉनेटच्या आत नीट वाकले. आणि बॅटरीच्या शेजारी, आतल्या पत्र्यावर, मला टिळे दिसले. एकाखाली एक, ओळीनं. वरचे काळपट, खालचे तांबूस. दर खंडेनवमीचा एक. बॅटरीला हात न लावता, तिच्या शेजारी. इतकी वर्षं मी ताट धरून बाजूला उभी राहिले, नारळ दिला, घाई केली, पण हे आत वाकून कुठं टिळा लावतात ते कधी बघितलं नव्हतं.

मनीषानं कडं आवळलं. मी म्हटलं, "थांब जरा." आणि हौसाबाईला विचारलं, "कुंकू आहे का घरात?"

ती माझ्या कपाळाकडं बघून म्हणाली, "माजं बी कपाळ तुमच्यासारखंच. पर देवापुरतं हाय. आनते." तिनं वाटीत चिमूटभर आणलं. मी ओळीच्या शेवटी एक टिळा लावला. वाकून लावताना जरा तिरका लागला.

मनीषानं किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. हौसाबाईनं खिडकीतून कांद्याची पिशवी आत टाकली आणि म्हणाली, "पुडल्या वर्षी हितंच थांबा. बंद पडली न्हाई तरी."

सोनईत दादा रस्त्यावर उभा होता. मनीषानं लांबूनच हॉर्न वाजवला. दादाला आता ऐकू कमी येतं, तरी त्यानं हात वर केला. वहिनीनं शेंगोळी केली होती (कुळथाच्या पिठाची, तिखट रश्शातली). ओवाळलं, जेवले, आणि दादाला टिळ्यांची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "दाजी बोलत कमी, करत जास्त." मग बराच वेळ आम्ही दोघं अंगणात गाडीकडं बघत बसलो.

परतीला गाडी कुठं अडली नाही. सुप्याच्या टपरीवाल्याला हात दाखवला, नगरला थांबून खणाचं कापड घेतलं, त्याच रंगाचं. मी माहेरी जाते असं म्हणायची. खरं तर निम्मं माहेर या रस्त्यावर, या सीटवर, यांच्या शेजारी होतं. ते मला आता कळलं.

घरी पोचलो तेव्हा सचिन दारातच होता. "पडली का बंद?"

मनीषा म्हणाली, "दोनदा. बॉनेट उघडून बघ."

त्यानं उघडलं. वाकला. एकेका टिळ्यावरून बोट फिरवत खाली आला. मग म्हणाला, "आई, हा शेवटचा तिरका लागलाय."

त्यानं बॉनेट न आपटता, दोन्ही हातांनी दाबून बंद केलं. हे तसंच करायचे.

सोमवारी भंगारवाला नेहमीसारखा ओरडत गल्लीतून गेला. सचिन चहा पीत होता. उठला नाही.