दोन झोपांवरचा नवरा

उलायुकने रजेच्या अर्जात ‘नातं’ या रकान्यात लिहिलं : नवरा. कारण : जन्मला.

इक्वालुइतच्या कचेरीतून साहेबांचा फोन आला. हे साहेब दक्षिणेकडचे, नवे.

“बाई, तुमचे मिस्टर चार वर्षांपूर्वी वारले. त्याची रजा घेतलीत तुम्ही.”

“घेतली ना. आता परत आलेत. साडेतीन किलोचे आहेत.”

उत्तर ध्रुवाकडच्या इक्पिआर्जुक गावाच्या धावपट्टीवर उलायुक एकवीस वर्षं हवामानाची नोंद ठेवते. वारा किती, ढग किती खाली, किती लांबचं दिसतं. तिच्या आकड्यांवर विमानं उतरतात, नाहीतर माघारी फिरतात. गेल्या महिन्यात मित्तिमातालिक गावातल्या तिच्या भाचीला, निविआकला, मुलगा झाला आणि तिने त्याला कूनूचं नाव दिलं. कूनू म्हणजे उलायुकचा नवरा. आमच्यात नाव दिलं की माणूस त्याच्याबरोबर येतो. बाळाला सगळं गाव आता उलायुकचा नवराच म्हणतं, आणि त्याचे पहिले जोडे तिनेच शिवून पायात घालायचे. सीलच्या कातड्याचे जोडे तयार होते. शुक्रवारी सकाळी निविआक बाळाला घेऊन दोन वर्षांच्या शिक्षणासाठी ओटावाला निघणार होती.

दोन्ही गावांच्या धावपट्ट्यांमधलं सरळ अंतर साधारण दोनशे चौतीस किलोमीटर. छोटं विमान पन्नास मिनिटांत जाईल, पण त्या वसंतात थेट विमान नव्हतं. जे होतं ते गुरुवारी निघून बाराशे किलोमीटर दक्षिणेला इक्वालुइतला नेणार, तिथे दोन रात्री मुक्काम, मग जवळजवळ तितकंच पुन्हा उत्तरेला. पोचायला शनिवार.

“मी बर्फावरून जाते,” उलायुक म्हणाली.

“किती लांब आहे ते?”

“दोन झोपा.”

“म्हणजे किती तास?”

“ते झोपणाऱ्यावर आहे.”

साहेबांनी नियम वाचला : प्रवास मंजूर विमानानेच. नाहीतर गैरहजेरी, आणि लेखी खुलासा.

“लावा गैरहजेरी. आणि गुरुवारी इथे धुकं येणार, तेही लिहून ठेवा.”

मंगळवारी बदलीच्या माणसाच्या हाती नोंदवही देऊन ती स्नोमोबाईलवर बसली. मागून भाऊ पानिलू घसरगाडी ओढत दुसऱ्या स्नोमोबाईलवर. मे महिना, सूर्य मावळत नव्हता. पहिल्या मुक्कामावर चहा ओतताना पानिलू म्हणाला, “ताई, लग्नात एवढी घाई नव्हती तुला.”

“तेव्हा त्याला दात होते.”

दुसऱ्या दिवशी समुद्रावरच्या बर्फाला भेग पडलेली. पलीकडे जायला जागा शोधण्यात पाच तास गेले. पानिलू म्हणाला, “आज लवकर थांबू. तीन झोपा झाल्या तर काय बिघडलं?”

“तुला थांबायचं तर थांब. भेगेला सांग, माझा नवरा वाट बघतोय.”

तो पुटपुटत मागे आला.

गुरुवारी दुपारी ते मित्तिमातालिकला पोचले. बाळ रडत होतं. उलायुकने जोडे चढवले. बोटभर मोठे झाले. “नवरोबा, आल्या आल्या कटकट,” ती म्हणाली. निविआक हसली.

शुक्रवारचं विमान वेळेवर गेलं.

पुढच्या आठवड्यात खुलाशाचा कागद आला. तिने सोबत गुरुवारची नोंद जोडली : धुकं, चारशे मीटरपलीकडे दिसत नाही, विमान न उतरता माघारी. खाली ‘प्रवासाचा वेळ’ या रकान्यात लिहिलं : दोन झोपा. तिसरी नवऱ्याशेजारी.

गैरहजेरी लागलीच.